विहिरीवरचं जुनं सहा हॉर्सपॉवर डिझेल इंजिन पुन्हा चालू करताना

विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा बंद पडलेल्या पीठगिरणीत दोन मोठ्या फ्लायव्हीलचं म्हणजे जड चाकांचं, उभ्या सिलिंडरचं एखादं इंजिन अजूनही सापडतं. वीज आली, मोटर बसली आणि ते तिथंच राहिलं. यांतली बरीच इंजिनं इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीच्या मूळ आराखड्यावर बेतलेली असतात. हा आराखडा १९३०च्या सुमाराचा, आणि राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला पुढे कित्येक दशकं बनवल्या. आपल्याकडे सातारा रोडच्या कूपरची आणि १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिनंही गावोगाव गेली. त्यांचे सुटे भाग वेगळे, पण कामाची रीत तीच. या लेखातली मापं लिस्टर पद्धतीच्या सहा हॉर्सपॉवर इंजिनाची आहेत : बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साडेचार इंच म्हणजे ११४.३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी, मिनिटाला ६५० फेरे. तुमच्या इंजिनाच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

हे इंजिन शिकायला फार चांगलं आहे. सगळं उघड्यावर असतं, भाग मोठे आणि मापं हाताने घेता येण्याजोगी. पण ते तीनशे किलोच्या पुढे भरतं, आणि चालू असताना फ्लायव्हीलची कड सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगाने पळते. म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी पाहायचं, मग मोजायचं, मग सोडायचं. सुरू करण्याचा विचार त्यानंतर.

घेण्याआधी काय पाहायचं

पहिली नजर फ्लायव्हीलवर. चाक शाफ्टवर पक्कं धरणाऱ्या चावीच्या खाचेपासून हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) निघालेली भेग, आऱ्याच्या मुळाशी भेग किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर ते फ्लायव्हील सजावटीपुरतं. बिडाला मारलेलं वेल्डिंग फिरत्या चाकात भरवशाचं नसतं. चाक उतरवल्यावर दोरीने टांगून छोट्या हातोडीने हलकं वाजवा. धड चाक घंटेसारखं लांब वाजतं, भेगाळलेलं बद्द वाजतं. शंका राहिली तर लाल रंगाचा डाय-पेनिट्रंट स्प्रे मारून भेग तपासा.

दुसरी नजर पाण्याच्या जॅकेटवर, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीवर. तापलेल्या इंजिनात कोणीतरी एकदम विहिरीचं गार पाणी ओतलेलं असतं आणि ब्लॉकला बाहेरून केसासारखी चीर पडलेली असते. तिच्यावर पुट्टी आणि रंग चढवलेला असू शकतो, म्हणून जाड रंग दिसला की तिथं खरवडून पाहा. बोअर झिजली असेल, पिस्टन जाम असेल, डिझेल फवारणारं नोझल गेलं असेल तर हरकत नाही, ही सगळी कामं होतात. क्रँककेसच्या (क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीच्या) पायाला तडा असेल तर मात्र किंमत भंगाराच्या भावानेच द्यावी.

सोडण्याआधी

बाजूने, वरून, वेग राखणाऱ्या गव्हर्नरच्या कड्यांचे, पाइपांच्या वळणांचे भरपूर फोटो काढा. नट-बोल्ट डब्यांत वेगवेगळे ठेवा, चिठ्ठी लावा.

जुन्या इंजिनांचे आटे बहुधा व्हिटवर्थ असतात. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे, तर त्याच मापाच्या अमेरिकन पद्धतीच्या बोल्टला १३. चुकीचा बोल्ट घातला तर पहिले दोन-तीन आटे बसतात आणि मग बिडातले आटे खरडून निघतात. पानाही त्याच पद्धतीचा हवा. जुन्या मापाच्या अर्ध्या इंची व्हिटवर्थ नटाची रुंदी सुमारे २३.४ मिमी असते, म्हणजे २३ चा पाना बसत नाही आणि २४ चा कडा खातो. मुंबईतली नागदेवी स्ट्रीट, पुण्याचा जुना बाजार, कोल्हापूरचं उद्यमनगर इथं असे पाने शोधले तर मिळतात. आटे मोजायचा गेज, फिलर गेज, व्हर्निअर, आतलं आणि बाहेरचं मायक्रोमीटर, डायल गेज आणि अर्ध्या टनाची चेन कप्पी एवढं हाताशी हवं. मायक्रोमीटर नसेल तर बोअर आणि क्रँक मोजायला चांगल्या लेथवाल्याकडे न्या. मात्र ते मोजमाप स्वतः बघा आणि लिहून घ्या.

जुनं हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्यावरच्या हेडमधली चकती) आणि सायलेन्सरवर गुंडाळलेली पांढरी दोरी बहुधा ॲस्बेस्टॉसची असते. ती कोरडी खरवडू नका, वायर ब्रश तर अजिबात नको. साबणाच्या पाण्याने चिंब भिजवून, मास्क लावून काढा आणि ओली असतानाच पिशवीत बंद करा. जुन्या रंगाखालचा केशरी-लाल प्रायमर शेंदराचा, म्हणजे शिशाचा असू शकतो. तोही ओलाच घासावा.

जाम झालेला पिस्टन

सगळ्यांत जास्त इंजिनं इथं मोडतात, कारण लोक लांब पाइप लावून फ्लायव्हीलला लटकतात. अशाने आरा तुटतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड काढा. सिलिंडरच्या भिंतीवरचा सुटा गंज आणि कार्बन आधी खरवडून, पुसून घ्या, नाहीतर तोच पिस्टन आणि भिंतीच्या मध्ये पाचरीसारखा बसतो. मग ॲसिटोन आणि गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वापरतात ते तेल समप्रमाणात मिसळून पिस्टनवर बोटभर उंच ओता. हे मिश्रण झटकन पेट घेतं, जवळ विडी-काडी नको. ॲसिटोन उडून जातं, म्हणून वरून झाकण ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा भरा. आठवडाभर वाट पाहायची तयारी ठेवा. निव्वळ डिझेलनेही काम होतं, वेळ अधिक लागतो.

आता पिस्टन कुठं अडकलाय ते बघा. मधल्या उंचीवर असेल तर बाभळीच्या किंवा सागाच्या लाकडाचा सुमारे ११० मिमी व्यासाचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवून त्यावर हातोड्याने मध्यम ठोके द्यायचे, आणि दुसऱ्याने फ्लायव्हील कडेला धरून मागे-पुढे हलवायचं. केसभर हलला की काम झालं : पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे. पिस्टन अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला असेल तर रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात, आणि कितीही ठोकलं तरी सगळा मार बेअरिंगवर जातो. अशा वेळी क्रँककेसच्या खिडकीतून रॉडच्या मोठ्या टोकाचे (क्रँकला धरणाऱ्या खालच्या टोकाचे) बोल्ट काढा, ब्लॉक पिस्टनसकट उचला आणि टेबलावर उलटा ठेवून खालून ढकला. जॅकेटमध्ये आळीपाळीने गरम आणि गार पाणी भरल्यानेही गंजाची पकड सुटते. पाणी कढत चालेल, पण ब्लॉकवर थेट गॅसची ज्योत नको.

पिस्टन वर ओढण्याआधी सिलिंडरच्या तोंडाशी झिजेमुळे तयार झालेली कडा आणि कार्बन काढून टाका. रिंगा तिथंच अडकतात आणि खाचांच्या भिंती तुटतात. रॉड आणि तिची कॅप (मोठ्या टोकाचा बोल्टने लागणारा अर्धा भाग) यांवर एकाच बाजूला पंचाची खूण करा. दोघांमध्ये शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) असतील तर डाव्या किती, उजव्या किती, हे मोजून वेगवेगळ्या बांधून ठेवा.

फ्लायव्हीलची चावी

डोकं असलेली निमुळती चावी वर्षानुवर्षं बसलेली असते. आधी चावीच्या बाहेर आलेल्या भागावरचा आणि शाफ्टवरचा रंग, गंज कानस-पॉलिश पेपरने पूर्ण काढा. तो राहिला तर चावी सुटूनही चाक निघत नाही. चार दिवस तेल पाजा. मग चावीचं डोकं आणि हब यांच्या फटीत दोन निमुळत्या पोलादी पाचरी समोरासमोरून घालून ठोका. ओढ सरळ शाफ्टच्या रेषेत यायला हवी. एकाच बाजूने छिन्नी मारली की डोकं तुटतं, आणि मग ड्रिल करून चावी काढायचं किचकट काम मागे लागतं. हब थोडा गरम केला तर चालतो, पण सगळीकडून सारखा आणि हात लावता येणार नाही इतपतच. चाक उतरवताना कप्पीचा ताण आधी घेऊन ठेवा. एक चाक दोन माणसांनी धरून पेलण्याजोगं नसतं.

परत बसवताना चावी खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट आणि वर-खाली पूर्ण लांबी टेकली पाहिजे. निळी शाई लावून ती कुठं टेकते ते बघत कानशीने घासत जा. सैल चावीचा ठोका अगदी मोठ्या टोकाच्या बेअरिंगसारखा येतो आणि माणसं उगाच बेअरिंग बदलत बसतात.

गंज आणि वाळू

बिडाच्या, पोलादाच्या भागांवरचा गंज विजेने काढायची पद्धत सर्वांत सौम्य. प्लास्टिकच्या टबात दर लिटर पाण्याला साधारण १० ग्रॅम धुण्याचा सोडा. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला, धन टोक जुन्या लोखंडी पत्र्याला. उलटं जोडलं तर तुमचाच भाग खाल्ला जाईल. पत्रा स्टेनलेस स्टीलचा मुळीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पितळ, ॲल्युमिनिअम आणि पांढऱ्या धातूची बेअरिंग या टबात घालू नयेत. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि चिमटे हलवण्याआधी चार्जर बंद करा. भाग बाहेर काढला की लगेच धुऊन, वाळवून तेल लावा. तासाभरात पुन्हा तांबूस छटा येते.

जॅकेटमधला चुनखडीचा थर लिंबूसत्वाने जातो : लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात, रात्रभर. नंतर सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने खूप धुवा. विदर्भ-मराठवाड्याच्या जड पाण्यावर चाललेल्या इंजिनांत हा थर इतका जाड असतो की हेडमधली वाट जवळजवळ बुजलेली असते. इंजिन तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

राजकोटी इंजिनांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते : ओतकामाची वाळू. क्रँककेसच्या कोपऱ्यांत, हेडच्या पाण्याच्या वाटांत, कधी तेलाच्या भोकांतही. रंगाखाली दडलेली ही वाळू गरम तेलाने सुटते आणि बेअरिंगमध्ये जाते. क्रँककेस आतून वायर ब्रशने पूर्ण घासा, रॉकेलने धुवा, पांढरं फडकं फिरवून बघा, आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. मग आतून तेलाला टिकणारा इपॉक्सी रंग द्या. या एका कामाला दोन सुट्टीचे दिवस गेले तरी ते सार्थकी लागतात, कारण या इंजिनांना तेलाचं फिल्टर नसतं.

मोजमाप आणि जुळणी

बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवी-उभी अशी सहा ठिकाणी मोजा. मूळ मापापेक्षा पाव मिलिमीटरपर्यंत झीज आणि गोलाई बरी असेल तर होनिंग (भिंतीची बारीक घासणी) करून नव्या रिंगांवर भागतं. त्यापुढे बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घ्यावा. आधी पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर करायला द्या.

नवी रिंग एकटी बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट फिलर गेजने मोजा. या बोअरला ०.३५ ते ०.४५ मिमी ठीक. कमी असेल तर टोकं तापल्यावर एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटून भिंत ओरबाडते. जादा असेल तर कॉम्प्रेशन (दाबलेल्या हवेचा दाब) निसटतं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

मोठ्या टोकाच्या बेअरिंगची ढोबळ फट शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे ५० मिमीला ०.०५ मिमीच्या आसपास. शिम काढून किंवा घालून ती आणता येते. दोन्ही बाजूंना शिम सारख्या ठेवा. बोल्ट पूर्ण कसल्यावर रॉड शाफ्टवर मोकळी डुलली पाहिजे, पण वर-खाली खेळ हाताला लागता कामा नये. बोल्ट जुने असतील तर नवे घ्या, तेही चांगल्या दर्जाचे. हा बोल्ट तुटला तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येते.

कॅपच्या तळाला तेल उडवणारी पळी असते. वंगण संपूर्णपणे तिच्यावर अवलंबून आहे. ती वाकलेली, आखूड किंवा गायब असेल तर बेअरिंग तासाभरात जळतं. क्रँक फिरवून ती तेलाच्या पातळीत खरोखर बुडते का, हे खिडकीतून पाहा.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासताना आधी भरड, मग बारीक. सीटवर एक ते दीड मिलिमीटर रुंदीचं सलग राखाडी कडं दिसलं की थांबा. पेस्टचा कणही राहू नये. मग स्प्रिंग बसवून हेड उलटं-सुलटं न करता पोर्टमध्ये रॉकेल भरा. दहा मिनिटांत सीटमधून ओल दिसली नाही तर सीट धरली.

हेड बसवण्याआधी पिस्टन आणि हेडमधलं अंतर तपासायचं. सोल्डरच्या तारेचे ३ मिमी जाडीचे तुकडे पिस्टनवर ग्रीसने चिकटवा, हेड गॅस्केटसकट कसा, फ्लायव्हील हाताने टोकावरून एकदा पार न्या, हेड काढून चेपलेली तार मोजा. १.४ ते १.५ मिमी हवी. अंतर ब्लॉकखालच्या गॅस्केटच्या जाडीने साधतात. ते जास्त राहिलं तर थंडीत इंजिन धरत नाही, आणि मग सगळे नोझलला दोष देतात. तांब्याचं गॅस्केट लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ होतं आणि पुन्हा वापरता येतं. हेडचे नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत कसा. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा.

टॅपेटची म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट इंजिन गार असताना १७ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.४३ मिमी.

डिझेलची वेळ

हेड काढलेलं असतानाच फ्लायव्हीलवर पिस्टनच्या वरच्या टोकाची खूण करून ठेवा. सिलिंडरवर आडवी पट्टी बांधून तिच्यात एक बोल्ट असा लावा की पिस्टन टोकाच्या थोडा आधी त्याला टेकेल. चाक एका दिशेने फिरवून टेकलं की समोरच्या स्थिर खुणेशी चाकावर खूण, मग उलट फिरवून टेकलं की दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे खरं टोक. नुसत्या डोळ्यांनी पिस्टन थांबल्यासारखा दिसतो तिथं खूण केली तर पाच-सात अंशांची चूक सहज होते.

६५० फेऱ्यांच्या इंजिनात डिझेल टोकाआधी २० अंशांवर सुटायला हवं. २० अंश म्हणजे परिघाचा अठरावा भाग. टेपने परीघ मोजा, अठराने भागा. १८८० मिमी परीघ असेल तर १०४ मिमी. तेवढं अंतर टोकाच्या आधीच्या बाजूला मोजून दुसरी खूण करा.

डिझेल पंपाचा वरचा होल्डर काढा, आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बाजूला ठेवा, होल्डर परत लावून त्याला छोटी वाकडी नळी जोडा. गव्हर्नरची कडी पूर्ण डिझेलच्या बाजूला धरा, टाकीचा नळ उघडा. नळीतून डिझेल वाहील. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर चाक हळूहळू फिरवा. धार ज्या क्षणी थांबते ती वेळ. खूण त्याच जागी आली पाहिजे. पंपाखालचा टॅपेट स्क्रू वर केला की वेळ लवकर येते, खाली केला की उशिरा. नोझल मात्र पंपवाल्याकडे टेस्टरवर, मॅन्युअलमधल्या दाबाला लावून घ्या. चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते.

पहिल्यांदा सुरू करताना

सुरू करण्याआधी बंद करण्याची तयारी करा. पंपाची कडी बोटाने शून्यावर अगदी मोकळी जाते का? अडकलेली कडी म्हणजे बेफाम पळणारं इंजिन, आणि बेफाम फ्लायव्हील फुटतं. डिझेलचा नळ हाताशी असू द्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलायचा लिव्हर काम करतो का ते पाहा, आणि हवेच्या तोंडावर दाबायला जाड लाकडी फळी बाजूला ठेवा. डिझेल तोडून थांबलं नाही तर हवा तोडायची. फ्लायव्हीलच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. चावीचं बाहेर आलेलं डोकं आणि चाकं जाळीने झाकलेली हवीत. पदर, उपरणं, ओढणी, लेंग्याची नाडी एका क्षणात ओढली जाते.

इंजिन पायाला बोल्टने पक्कं हवं. काँक्रीटच्या पायाचं वजन इंजिनाच्या निदान तिप्पट धरा. क्रँककेसमध्ये आपल्या हवेत एसएई ४० (जाडीचा नंबर) तेल खुणेपर्यंत, रॉकर आणि पुशरॉडच्या टोकांना हाताने तेल. थंडाव्याला २०० लिटरचं पिंप पुरतं. हेडकडून येणारा वरचा पाइप चढाचा आणि पिंपातल्या पाण्याच्या पातळीखाली हवा. पातळी त्याखाली गेली की पाणी फिरायचं थांबतं.

हवा काढायचा क्रम : आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलकडचा नट. नट कसून पंप हाताने दाबला की नोझलमधून ‘कर्र’ आवाज यायला हवा. तो येत नसेल तर हँडल मारून दमू नका.

लिव्हर उचला, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, चाकाला चांगला वेग द्या, लिव्हर सोडा आणि हँडल सरळ ओढून घ्या. मूळ लिस्टरच्या हेडवर कॉम्प्रेशन बदलायचं छोटं चाक असतं. ते सुरू करताना पूर्ण आत फिरवलेलं हवं. बऱ्याच नकलांत त्याजागी नुसता प्लग असतो.

पहिली खेप पाच मिनिटांची. थांबवून मुख्य बेअरिंगच्या हाऊसिंगला आणि खिडकीच्या झाकणाला हात लावा. हात टिकत नसेल तर तिथं उघडून पाहायचं. ठीक असेल तर अर्धा तास, मग फेरे मोजून गव्हर्नर ६५० वर. पहिल्या तासानंतर अर्धा लोड द्या. बिनलोड तासन्‌तास चालवलं तर भिंती गुळगुळीत होतात आणि रिंगा कधीच बसत नाहीत. पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल : वेळ उशिरा, कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल गळतंय. निळा म्हणजे तेल वर चढतंय, नव्या रिंगांवर काही तास चालायचंच. काळा म्हणजे लोड जास्त, नोझल खराब किंवा एअर फिल्टर चोंदलेला. तेल पहिल्या १० तासांनी बदला, मग ५० ने, पुढे दर १०० तासांनी.

रंगाबद्दल एवढंच : पाटीखाली किंवा झाकणाच्या कडेला मूळ रंगाचा तुकडा शिल्लक असतो, तो जुळवून घ्या. पाटीला पॉलिश करू नका, अक्षरं घासली जातात. ज्या भागांचा मूळ रंग धड आहे तिथं नुसतं धुऊन उकडलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. चकचकीत ऑटोमोबाइल रंगातलं इंजिन नव्या नकलेसारखं दिसतं आणि त्याचं वय हरवतं.

पावसाळ्यात बंद ठेवायचं असेल तर शेवटच्या खेपेनंतर पाणी पूर्ण काढा, हवेच्या तोंडातून चमचाभर तेल सोडून लिव्हर उचललेल्या अवस्थेत चाक चार-पाच वेळा फिरवा, आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून ठेवा. तिथं दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवून पुन्हा त्याच खुणेवर आणा.